डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम शिकायचे आहेत? मग पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, गप्पा आणि फाशांवर खेळायचा खेळ. त्याचं २०२४ साली आलेलं खेळाडूंचं मुख्य पुस्तक ३८४ पानांचं आहे. नवखा माणूस उत्साहाने ते पहिल्या पानापासून वाचायला घेतो. पात्रांचे वर्ग म्हणजे पेशे, उपवर्ग, शस्त्रांचे तक्ते, मंत्रांच्या याद्या असं करत शे-दीडशे पानं ओलांडतो, आणि आपल्याला हे जमणार नाही असं वाटून पुस्तक बाजूला ठेवतो. ते जमतं. फक्त पुस्तकाचा बराचसा भाग लागेल तेव्हा उघडून पाहण्यासाठी आहे. विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळणाऱ्याला पॅलॅडिनची, म्हणजे धर्मयोद्ध्याची, पानं वाचायची कधीच गरज पडत नाही. पहिल्या खेळाला बसताना खरोखर लागतात ते नियम थोडे आहेत, आणि टेबलावर ज्या क्रमाने त्यांची गरज पडते त्याच क्रमाने शिकले तर ते लवकर अंगवळणी पडतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

आधी आवृत्ती ठरवा

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. दोघेही छोट्या सैनिक-बाहुल्या मांडून लढाया खेळणाऱ्यांपैकी होते. अख्खी पलटण हलवण्याऐवजी प्रत्येकाने एकच पात्र चालवायचं, या कल्पनेतून हा प्रकार वाढला. या खेळात लढाईचे नियम एवढे तपशिलात आणि गप्पा, प्रवास, शोध यांचे नियम त्या मानाने मोकळे का, याचं कारण या मुळात आहे.

आज बहुतेक टेबलांवर पाचवी आवृत्ती चालते. ती २०१४ साली आली आणि २०२४ साली तिची सुधारित पुस्तकं निघाली. दोन्हींचा गाभा सारखाच आहे, पण बारकावे बदललेत. जखम भरून काढणारं औषध पिणं २०१४ च्या नियमांत पाळीतली मुख्य कृती, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन खातं, तर २०२४ च्या नियमांत ते जोडीच्या छोट्या कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतं. इंटरनेटवर नियम शोधताना अर्धी माहिती एका आवृत्तीची आणि अर्धी दुसरीची हाती लागते आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. म्हणून खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे डंजन मास्टरला, पहिला प्रश्न हाच विचारा: आपण कुठलं वर्ष खेळतोय?

पुस्तक विकत घेण्याची घाई करू नका. खेळाचे मूळ नियम ‘एसआरडी’ नावाच्या दस्तऐवजात फुकट मिळतात. २०१४ च्या नियमांचा एसआरडी जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, आणि सुधारित नियमांचा २०२५ मध्ये. या परवान्यानुसार श्रेय देऊन कोणीही त्यांचं भाषांतर करू शकतो, ते वाटूही शकतो. एखाद्या गटाने आपल्यापुरते चार पानी मराठी नियम लिहून काढले तर त्यात कसलीच आडकाठी नाही. तसे लिहून काढाच, कारण नियम स्वतःच्या वाक्यात मांडता आला म्हणजे तो खरोखर कळलेला असतो.

पहिली पायरी: फाशाआधी संवाद

सगळा खेळ एका साध्या चक्रावर चालतो. डंजन मास्टर, ज्याला सगळे डीएमच म्हणतात, समोर काय दिसतंय ते सांगतो. खेळाडू आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. मग काय घडलं ते डीएम सांगतो. फासा मधेच कधीतरी येतो, आणि तो टाकायचा की नाही हे डीएम ठरवतो. गोष्ट सहज होण्यासारखी असेल तर ती होते, अशक्य असेल तर होत नाही. निकाल खरोखर दोन्हीकडे झुकू शकत असेल आणि चुकल्याने काही बिघडणार असेल, तेव्हाच फासा टाकायचा.

टेबलावर हे साधारण असं ऐकू येतं:

डीएम: गढीच्या मागच्या बाजूला आलात. भिंत दोन पुरुष उंच आहे, पावसाने शेवाळ धरलंय. वर कुणीतरी कंदील घेऊन फिरतंय.
खेळाडू: मी चढते. दगडांच्या खाचांत बोटं रोवून, हळूहळू.
डीएम: शेवाळामुळे हात सटकू शकतो. अ‍ॅथलेटिक्स टाक.
खेळाडू: बारा पडले, माझे पाच. सतरा.
डीएम: पोचलीस वर. कंदीलवाला पाठमोरा आहे. काय करतेस?

अ‍ॅथलेटिक्स म्हणजे चढणं, उड्या मारणं यांचं कौशल्य, आणि ‘माझे पाच’ हा त्यातला तिच्या पात्राचा आकडा. इथे खेळाडूने “मी अ‍ॅथलेटिक्स टाकू का?” असं विचारलं नाही. आधी कृती सांगितली, कशी करतेय तेही सांगितलं, आणि नियम डीएमने लावला. ही एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतली की नियम पाठ नसतानाही तुम्ही उत्तम खेळू शकता. मी नव्या खेळाडूंना बाकी काहीही शिकवण्याआधी हे सांगते. आणि मराठीत खेळा! नियमांचे शब्द इंग्रजी राहिले तरी चालतात, पण भिंत, शेवाळ आणि भीती आपल्या भाषेत आली की बुजरा माणूसही बोलायला लागतो.

दुसरी पायरी: वीस बाजूंच्या फाशाचं एक सूत्र

पेटीत चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे असतात. त्यांना डी४, डी६, डी८ असं म्हणतात. डी१० सहसा दोन असतात, म्हणजे शंभरापर्यंतचा आकडाही काढता येतो. यश-अपयश ठरवतो तो डी२०. बाकीचे मुख्यतः किती इजा झाली, किती जखम भरली असं मोजायला लागतात.

सूत्र असं: डी२० टाका, त्यात आपला आकडा मिळवा, बेरीज ठरलेल्या लक्ष्याइतकी किंवा जास्त झाली तर जमलं. बरोबरी झाली तरी जमलं. हे सूत्र तीन ठिकाणी येतं. तुम्ही स्वतः काही करायला जाता तेव्हा अ‍ॅबिलिटी चेक. तुमच्यावर काही कोसळतं, आगीचा लोळ येतो, विष अंगात भिनू लागतं, तेव्हा सेव्हिंग थ्रो. आणि कुणावर वार करता तेव्हा अटॅक रोल. पहिल्या दोहोंत लक्ष्याला डीसी म्हणतात. वार करताना समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे एसी, हेच लक्ष्य असतं.

डीसी कसा ठरतो तेही माहीत असावं. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघडाला २०, फारच अवघडाला २५. आकडा डीएम ठरवतो आणि बऱ्याचदा सांगत नाही.

यावर एकच महत्त्वाची भर आहे, अ‍ॅडव्हांटेज आणि डिसअ‍ॅडव्हांटेज. परिस्थिती अनुकूल असेल तर डी२० दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान. फरक केवढा पडतो ते पाहा: फाशावर १० किंवा जास्त हवे असतील तर एरवी शक्यता ५५ टक्के असते, अ‍ॅडव्हांटेजने ती जवळपास ८० होते, आणि डिसअ‍ॅडव्हांटेजने ३० वर येते. अनुकूल कारणं तीन असली तरी फासे दोनच. आणि दोन्ही बाजूंची कारणं एकत्र आली तर, संख्या कितीही असो, ती एकमेकांना पुसून टाकतात आणि एकच फासा टाकायचा.

फाशावर नैसर्गिक २० पडला की काहीही जमतं, अशी समजूत फार पसरली आहे. नियमात ते फक्त वाराला लागू आहे. २० पडला तर वार बसतोच, १ पडला तर हुकतोच. भिंत चढताना २० पडूनही बेरीज कमी भरली तर पाय घसरतो. काही गट चेकलाही तसंच धरतात. त्यात गैर काही नाही, मात्र आधी ठरलेलं असावं.

तिसरी पायरी: आपली शीट वाचायला शिका

कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची सगळी माहिती लिहिलेला कागद, गर्दीची दिसते, पण तिच्यातले बहुतेक आकडे एकाच जागेतून येतात. एक फायटर, म्हणजे योद्धा, बनवून पाहू. पहिलं पात्र म्हणून मी फायटरच सुचवेन, कारण त्याच्यासाठी सांभाळायच्या गोष्टी कमी आहेत.

सहा गुण असतात: स्ट्रेंग्थ म्हणजे अंगबळ, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे दम, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, विस्डम म्हणजे जाण आणि सावधपणा, करिझ्मा म्हणजे छाप पाडण्याची ताकद. फासे टाकूनही गुण काढता येतात, पण नव्या माणसाने १५, १४, १३, १२, १०, ८ हा तयार संच घेऊन हवा तसा वाटावा. आपल्या फायटरला स्ट्रेंग्थ १५, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १३, विस्डम १२, करिझ्मा १०, इंटेलिजन्स ८ देऊ. २०२४ च्या नियमांत पात्राच्या पूर्वायुष्यावरून, म्हणजे बॅकग्राउंडवरून, काही गुण वाढतात. तिथून स्ट्रेंग्थला दोन आणि कॉन्स्टिट्यूशनला एक मिळाला, म्हणजे ते १७ आणि १४ झाले.

आता हे मोठे आकडे जवळजवळ विसरून जा. खेळताना लागतो तो मॉडिफायर. गुणातून १० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक खाली सोडा. १७ चे +३, १४ चे +२, १२ चा +१, १० चं शून्य, ८ चा −१.

दुसरा आकडा प्रोफिशियन्सी बोनस. लेव्हल म्हणजे पात्राची इयत्ता, आणि लेव्हल १ ते ४ पर्यंत तो +२ असतो. पात्राने जे शिकून घेतलंय तिथेच तो मिळतो. फायटरला अ‍ॅथलेटिक्स येत असेल तर ३ अधिक २, म्हणजे +५. पर्सुएशन, म्हणजे मन वळवणं, येत नसेल तर नुसता करिझ्माचा शून्य.

तलवारीचा वारही तसाच: ३ अधिक २, +५. पण वार बसल्यावर इजा मोजताना प्रोफिशियन्सी धरायची नाही. लाँगस्वोर्डची, म्हणजे लांब तलवारीची, इजा डी८ अधिक ३, अधिक ५ नाही. ही गफलत सगळीकडे होते. दुसरी गफलत म्हणजे शीटवर लिहिलेल्या +५ मध्ये पुन्हा मॉडिफायर मिळवणे. तिथला आकडा बेरीज करूनच लिहिलेला असतो.

हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं तो आकडा: फायटरला पहिल्या लेव्हलला १० अधिक कॉन्स्टिट्यूशनचे २, म्हणजे १२. चिलखत चेन मेलचं, म्हणजे लोखंडी कड्यांचं, असेल तर एसी १६, ढाल घेतली तर १८. चेन मेलमध्ये लपतछपत जाताना, म्हणजे स्टेल्थला, डिसअ‍ॅडव्हांटेज असतो. शीटच्या कोपऱ्यात ते पेन्सिलीने लिहून ठेवा, कारण नेमक्या त्या वेळी ते कुणालाच आठवत नाही.

शीट झाली की स्वतःची परीक्षा घ्या. मोठ्याने विचारा: दोरावर चढायचंय, काय टाकू, किती मिळवू? पहारेकऱ्याला थाप मारायचीय? अंगावर छप्पर कोसळतंय? उत्तरं बोट न अडखळता शीटवर सापडू लागली की पुढे जा.

चौथी पायरी: लढाई

लढाई सुरू झाली की प्रत्येक जण डी२० अधिक डेक्स्टेरिटी टाकतो. याला इनिशिएटिव्ह म्हणतात. मोठ्या आकड्यापासून खाली असा क्रम लागतो, आणि तोच क्रम फिरत राहतो. सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड, खेळातल्या जगात साधारण सहा सेकंद. सहा सेकंदांत काय होऊ शकतं याचं भान ठेवलं की पुष्कळ नियम आपोआप पटतात.

आपल्या पाळीत एक अ‍ॅक्शन मिळते आणि चालायला अंतर मिळतं, बहुतेकांना ३० फूट. चौकटींच्या कागदावर एक चौकट ५ फुटांची धरतात, म्हणजे सहा चौकटी. चालणं तोडून वापरता येतं: दहा फूट पुढे जा, वार करा, उरलेले वीस फूट मागे या.

अ‍ॅक्शन म्हणजे फक्त वार नव्हे. डॅश केलं तर तेवढंच अंतर आणखी चालता येतं. डॉज केलं तर तुमच्यावरच्या वारांना डिसअ‍ॅडव्हांटेज. डिसएंगेज केलं तर मागे सरताना फटका बसत नाही. हेल्प केलं तर साथीदाराला अ‍ॅडव्हांटेज. नवे खेळाडू दर पाळीला वारच करतात. जखमी असताना दारात उभं राहून डॉज करणारा एसी १८ चा फायटर किती उपयोगी पडतो, हे एकदा करून पाहा.

बोनस अ‍ॅक्शनबद्दल नेहमी गैरसमज होतो. ती सगळ्यांना आपोआप मिळणारी दुसरी कृती नाही. तुमच्या एखाद्या क्षमतेत, मंत्रात किंवा त्या कृतीच्या नियमात ‘बोनस अ‍ॅक्शन’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच ती वापरता येते, आणि पाळीत एकदाच. फायटरचं सेकंड विंड तसं आहे: डी१० अधिक फायटर-लेव्हल एवढे हिट पॉइंट परत.

रिअ‍ॅक्शन दुसऱ्याच्या पाळीतही वापरता येते, पण तुमची पुढची पाळी येईपर्यंत एकदाच. तिचा नेहमीचा उपयोग म्हणजे ऑपॉर्च्युनिटी अटॅक. शत्रू तुमच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडू लागला तर त्याच्यावर एक वार करता येतो. टप्प्याच्या आतल्या आत फिरला तर नाही. हा दुसरा भाग लक्षात न राहिल्याने नवे खेळाडू शत्रूसमोर खिळून उभे राहतात. त्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जायला काहीच हरकत नाही.

वारात नैसर्गिक २० पडला तर इजेचे फासे दुप्पट होतात, मॉडिफायर नाही. म्हणजे दोन डी८ अधिक ३.

हिट पॉइंट शून्य झाले म्हणजे पात्र मेलं असं नाही. ते बेशुद्ध पडतं, आणि आपल्या प्रत्येक पाळीला डेथ सेव्ह टाकतं. नुसता डी२०, १० किंवा वर गेला तर एक यश, खाली आला तर एक अपयश. तीन यशं झाली की प्रकृती स्थिरावते, तीन अपयशं झाली की पात्र गेलं. १ पडला तर दोन अपयशं, २० पडला तर एक हिट पॉइंट घेऊन उठून उभं राहता येतं. साथीदाराने एक हिट पॉइंट जरी परत दिला तरी पात्र शुद्धीवर येतं. म्हणून पडलेल्या माणसाकडे धावणं या खेळात फार मोलाचं आहे.

पाचवी पायरी: एकट्याने एक लढाई

गटात बसण्याआधी ही तालीम घरीच करा. वहीतला चौकटींचा कागद, दोन कॅरमच्या सोंगट्या आणि फासे, किंवा फोनवर फासे टाकायचं अ‍ॅप, एवढं पुरतं. एका बाजूला आपला फायटर, दुसरीकडे २०१४ च्या नियमांतला गॉब्लिन, म्हणजे एक छोटा राक्षस: एसी १५, हिट पॉइंट ७, वाराला +४, तलवारीची इजा डी६ अधिक २.

फायटरला गॉब्लिनवर वार बसवायला फाशावर १० किंवा जास्त हवेत. बसला तर डी८ वर ४ किंवा जास्त पडताच गॉब्लिन एका घावात खलास. उलट गॉब्लिनला एसी १८ गाठायला फाशावर १४ लागतात, म्हणजे ३५ टक्के शक्यता. आता ढाल काढून तलवार दोन्ही हातांत धरा. इजा डी१० अधिक ३ होते, पण एसी १६ वर येतो आणि गॉब्लिनचा वार ४५ टक्के वेळा बसू लागतो. मग समोर तीन गॉब्लिन ठेवा. मग त्यांना धनुष्य द्या आणि फायटरला खांबाआड उभा करा. अर्धं अंग झाकणाऱ्या आडोशाला एसीत +२ मिळतात.

प्रत्येक फाशाला आकडे मोठ्याने म्हणा. अशा चार-पाच झटापटी झाल्या की लढाईचं प्रकरण वाचायला घ्या. मघाशी जड वाटलेली वाक्यं आता ओळखीची वाटतील.

सहावी पायरी: जादू, पण बेतानं

जादूगार खेळायचाच असेल तर सुरुवातीला चार गोष्टी पक्क्या करा. कँट्रिप, म्हणजे अगदी साधे मंत्र, हवे तितक्या वेळा वापरता येतात. बाकीच्या मंत्रांना स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र वापरण्याची मोजकी संधी, खर्च होतो. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे असे दोनच स्लॉट असतात, आणि ते लाँग रेस्टने, म्हणजे आठ तासांच्या विश्रांतीने, भरून येतात. तिसरी गोष्ट, मंत्राची लेव्हल आणि पात्राची लेव्हल वेगळी असते. तिसऱ्या लेव्हलचा मंत्र विझार्डला पाचव्या लेव्हलला मिळतो.

चौथी गोष्ट कॉन्सन्ट्रेशन. ज्या मंत्रापुढे हा शब्द आहे तसा एकच मंत्र एका वेळी टिकवता येतो. दुसरा तसा मंत्र सुरू केला की पहिला संपतो. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकायचा, लक्ष्य १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांतलं मोठं. सगळ्यात जास्त विसरला जाणारा नियम हाच. आपले मंत्र लहान कार्डांवर लिहा आणि कॉन्सन्ट्रेशनवाल्यांना लाल खूण करा.

प्रत्येक कार्डावर किती लांब चालतो, किती वेळ टिकतो, आणि वार टाकायचा की समोरचा सेव्ह टाकणार, एवढं असलं की पुरे. सेव्हचा डीसी तुमचाच असतो: ८ अधिक प्रोफिशियन्सी अधिक जादूच्या गुणाचा मॉडिफायर. विझार्डचा इंटेलिजन्स १६ असेल तर १३.

पहिलं सत्र

खेळ सुरू होण्याआधी एक बैठक फक्त ठरवाठरवीची घ्या. कसली कथा हवी, काय अजिबात नको, किती तास बसायचं, कुणी न आल्यास काय करायचं. लहान भावंडं आणि मोठी माणसं एकाच टेबलावर असतील तर ही बैठक टाळूच नका. रक्तपात किती वर्णायचा, कुठल्या विषयाला हात लावायचा नाही, हे आधी बोललेलं असलं की मधेच कुणी दुखावून उठत नाही.

खेळताना नियमावरून वाद निघाला तर डीएम तात्पुरता निर्णय देईल, तो मान्य करून पुढे चला. नेमका नियम सत्र संपल्यावर शोधा आणि वहीत लिहा. मधे थांबून पानं चाळली की कथेतला ताण जातो, आणि पाळीची वाट पाहणारे चार जण कंटाळतात. आपली पाळी येण्याआधी काय करणार ते मनात ठरवून ठेवा आणि फासे हातात तयार ठेवा. दुसऱ्याने काय करावं हे विचारल्याशिवाय सांगू नका, विशेषतः तो तुमच्याहून नवा असेल तर.

दोन-तीन सत्रांनंतर वहीत अडलेल्या जागांची यादी झालेली असेल. आता पुस्तक उघडा आणि त्या यादीपुरतंच वाचा. २०२४ च्या पुस्तकात शेवटी नियमांचा अकारविल्हे कोश आहे, तो यासाठी फार सोयीचा आहे. खाली पडलेल्या माणसावर जवळून वार करताना अ‍ॅडव्हांटेज आणि लांबून बाण मारताना डिसअ‍ॅडव्हांटेज का, असं काहीतरी तिथे अर्ध्या मिनिटात सापडतं.

मग पात्र दुसऱ्या लेव्हलला जाईल. फायटरला डी१० टाकून, किंवा न टाकता सरळ ६ घेऊन, त्यात कॉन्स्टिट्यूशनचे २ मिळवून हिट पॉइंट वाढवता येतात. न टाकता घेतले तर १२ चे २० होतात. शिवाय अ‍ॅक्शन सर्ज मिळतो: एका पाळीत एक जादा अ‍ॅक्शन, आणि ती वापरली की पुन्हा मिळायला किमान तासाभराची विश्रांती लागते. तेवढा परिच्छेद वाचा, शीटवर एका ओळीत लिहा, आणि पुढच्या सत्राला जा. तिसऱ्या लेव्हलला काय मिळतं ते तिसरी लेव्हल आल्यावर पाहा.